मनखूलचा बरोक किल्ला

दुबईत दिवाळीचा किल्ला करायचा म्हणजे पहिली अडचण मातीची. वाळू हवी तितकी, पण सुकली की तिचा बुरूज खाली बसतो. म्हणून अल मनखूलमधल्या आमच्या इमारतीतले मराठी पालक ऑक्टोबर लागला की रोपवाटिकेतून मातीची पोती आणत. बारा दिरहमला एक. "दीडशे रुपयांची माती!" असं दरवर्षी कोणीतरी दुकानातच मोठ्याने म्हणायचं. मी सांगायचो, "एकशे अडतीस." मग सगळे माझ्याकडे बघायचे आणि पोतं गाडीत टाकायचे.

किल्ले गच्चीवर मांडले जात. पाच-सहा घरांचे पाच-सहा किल्ले, आणि परीक्षक एकच. तिसऱ्या मजल्यावरचे काका. ते आठवडाभर अबुधाबीत तेल कंपनीच्या नोकरीवर असत आणि शुक्रवारच्या सुट्टीसाठी गुरुवारी संध्याकाळी घरी येत. मूळचे पुण्याचे. सह्याद्रीतले बरेचसे किल्ले त्यांनी पायी पाहिलेले होते आणि उरलेल्यांबद्दल ते तसंच बोलत. त्यांचा नियम साधा होता: किल्ला कसाही असो, मुलाने त्याची माहिती स्वतः, सर्वांसमोर, मराठीत सांगायची.

आदल्या वर्षी याच नियमापाशी आमची मुलगी अडकली होती. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिने राजगड केला होता आणि किल्ला उत्तम झाला होता. सांगताना मात्र तिसऱ्या वाक्यावर ती थांबली. शब्द आठवेना. मागे उभ्या असलेल्या एका मुलाने तिचं वाक्य मोठ्याने पुरं केलं, आणि गच्ची हसली. लोक प्रेमानेच हसले. पण हसण्यातला प्रेमाचा भाग नऊ वर्षांच्या मुलीला वेगळा काढता येत नाही. त्या दिवसापासून घराच्या दाराबाहेर तिने मराठीचा एक शब्द काढला नाही. लिफ्टमध्ये कोणी "काय गं, कशी आहेस?" विचारलं तर "फाइन, थँक यू." घरातही आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असं सुरू झालं.

"या वर्षी बोलली नाही ना," माझी बायको म्हणाली, "तर पुढे कधी बोलणार नाही. मग सासर कुठलंही असो, आपल्याशी ती फोनवर 'हाय मॉम' करणार."

"अजून दहाची आहे ती."

"म्हणूनच सांगतेय."

त्यामुळे ऑक्टोबरात मुलीने आपणहून "आय विल मेक अ किल्ला" असं जाहीर केलं तेव्हा आम्ही दोघंही जरा जास्तच बेफिकीर चेहऱ्याने "बरं" म्हणालो. कुठला, असं विचारल्यावर तिने समोरच्या फ्लॅटकडे बोट दाखवलं.

समोर वसईचं एक कॅथलिक कुटुंब राहायचं. त्यातले गृहस्थ बरदुबईतल्या एका हॉटेलात मेजवान्यांची व्यवस्था पाहत. ते मला मास्तर म्हणत, कारण ते कुठलाही आकडा बोलले की मी तो तपासायचो. तरुणपणी ते सहा महिने मध्य युरोपात हॉटेलचं काम शिकायला गेले होते, आणि ती शाळा एका जुन्या बरोक किल्ल्यात भरायची. गावाबाहेर, नदीच्या वळणावर. त्या सहा महिन्यांवर त्यांचं पुढचं सगळं संभाषण उभं होतं. त्यांच्याकडे फोटोंचा जाडजूड अल्बम होता. तो मुलीने पाहिला होता.

"तोच का?" मी विचारलं.

तिचं उत्तर तयार होतं. "बाबा, राजगड एव्हरीबडी नोज. इफ आय गो राँग, दे ऑल नो. धिस वन नोबडी नोज."

एवढा व्यवहारी विचार आमच्या कंपनीच्या वार्षिक बैठकीतही मी कधी ऐकला नव्हता.

काकांना विचारणं भाग होतं. त्यांनी फोटो पाहिले. पिवळ्या रंगाची लांबलचक दुमजली इमारत, मधला भाग पुढे आलेला, वर त्रिकोणी कपाळ, दोन्ही बाजूंना सारखेच हात पसरलेले, माथ्यावर पुतळ्यांची रांग.

"याला तट कुठे आहे?"

"पाडला," शेजारी म्हणाले.

"आणि खंदक?"

"बुजवला. तिथे बाग केली."

"खंदक बुजवून बाग!" काकांनी चष्मा काढला. "आपल्याकडे असल्या किल्लेदाराचा कडेलोट झाला असता." मग चष्मा लावून त्यांनी फोटो परत दिले. "करू दे तिला. पण माहिती मराठीत हवी, आणि मी विचारीन त्या प्रश्नाला उत्तर हवं. मग किल्ला आणा नाहीतर मॉल आणा."

बांधकामाचं सामान माझ्याकडे होतं. हमरिया फ्री झोनमधल्या आमच्या कारखान्यात छताच्या कडेला लावायच्या प्लास्टरच्या नक्षीदार पट्ट्या बनत, आणि मी तिथे उत्पादनखर्चाचं काम पाहायचो. ओतताना मोडलेले तुकडे रोज फेकले जात. ते मी व्यवस्थापकांना विचारून घेतले आणि बाहेर नेण्याचा पास केला, कारण फ्री झोनच्या फाटकातून खिळाही पासाशिवाय बाहेर येत नाही. पासावर मी लिहिलं: प्लास्टरचे तुटके तुकडे, किंमत शून्य, उपयोग किल्ला. फाटकावरच्या पठाणाने तो दोनदा वाचला, माझ्याकडे पाहिलं, डिकीतल्या पोत्याकडे पाहिलं.

"किला?"

"किला."

"इसमें?"

"छोटा है."

"यल्ला, जाओ," तो म्हणाला. वेड्या माणसाला अडवून ठेवायची त्याची इच्छा नसावी.

प्रमाण लिफ्टने ठरवलं. लिफ्टचं दार ऐंशी सेंटिमीटर, त्यामुळे फळी अठ्ठ्याहत्तरच्या वर नको. किल्ला पंचाहत्तर मीटर लांब आहे असं शेजारी म्हणाले. त्यांनी तो आधी दोनशे मीटर सांगितला होता. फोटोतल्या त्यांच्याच उंचीवरून मी मोजून दाखवल्यावर ते पंचाहत्तरवर आले. शंभराला एक धरलं की फळीत बसत होता.

खरा त्रास अल्बमचा होता. प्रत्येक फोटोत किल्ल्याच्या पुढ्यात ते स्वतः उभे. कमरेवर हात, मोठ्या कॉलरचा शर्ट, आणि मागे अर्धी इमारत झाकलेली.

"तुमच्या खांद्यामागे किती खिडक्या आहेत?" मी विचारलं.

"एकूण तीनशे पासष्ट, मास्तर. वर्षाच्या दर दिवसाला एक. तिथे मेनूकार्डावरच छापलेलं होतं."

"एवढ्या बसत नाहीत."

"मी पुसल्यात त्या! मला सांगता?"

इथे बरोक पद्धत आमच्या कामी आली. या इमारतींचा कायदाच असा की मधून रेघ मारली तर डावीकडे जे, तेच उजवीकडे. दार डावीकडे असेल तर उजवीकडेही दार, मग त्यामागे खोली असो वा नसो. त्यामुळे शेजाऱ्यांच्या डाव्या खांद्यामागे लपलेलं सगळं आम्हाला दुसऱ्या बाजूवरून काढता आलं. मुलगी हे पटकन शिकली. घरातल्या प्रत्येक गोष्टीला ती मधून रेघ मारून बघू लागली, आणि माझ्या चष्म्याची डावी काडी उजवीपेक्षा वर आहे हे तिने मला दाखवून दिलं.

"पण बरोक म्हणजे नक्की काय हो?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

शेजारी सांगू लागले. वळणदार जिने, सोनेरी नक्षी, छतावर रंगवलेले ढग, ढगांत गुबगुबीत देवदूत, सगळीकडे फुलांच्या माळा.

"म्हणजे लग्नाचा मांडव, फक्त दगडात."

"वहिनी," शेजारी म्हणाले, "सहा महिने शिकलो तिथे, पण हे कोणी इतकं सोपं करून सांगितलं नाही."

चकलीच्या सोऱ्यासमोर बसून मिळालेली ती व्याख्या मला अजून चुकीची वाटत नाही.

एका संध्याकाळी मुलगी अल्बम घेऊन माझ्याजवळ आली. तिच्या हातात दोन फोटो होते, एक बर्फातला, एक उन्हाळ्यातला. "बाबा, लुक. दोज कर्टन्स नेव्हर मूव्ह." उन्हाळ्यात किल्ल्याच्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या, फक्त डाव्या टोकाच्या काही बंद, पडदे अर्धे ओढलेले. बर्फातही त्याच खिडक्या, तेच पडदे, तितकेच अर्धे. आम्ही मोजल्या. चौदा.

शेजाऱ्यांना बोलावलं. त्यांनी फोटो दिव्याखाली धरला. "अरे हो," ते म्हणाले. "त्या कोपऱ्यात आतून खोलीच नव्हती. कपडे धुण्याच्या खोलीकडे जाताना एक गोल भिंत लागायची. थंडगार. उन्हाळ्यात आम्ही तिला पाठ लावून उभे राहायचो."

मग त्यांनी ऐकलेला इतिहास हळूहळू बाहेर आला. मूळ किल्ला पाण्यातला होता, चार कोपऱ्यांना चार बुरूज. मोठ्या लढाईत तो जळला. पुढे घराण्यातला एक तरुण इटलीत फिरून आला आणि त्याला जुनाट किल्ल्यात राहण्याची लाज वाटू लागली. त्याने तिकडचा वास्तुकार आणला, तट पाडला, खंदक बुजवला, तीन बुरूज पाडले. चौथा पडेना, भिंती फार जाड होत्या. शेवटी त्यांनी तो नव्या इमारतीच्या पोटात घेतला, वरून गिलावा केला आणि दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून त्यावर खिडक्या रंगवल्या. पडद्यांसकट.

"देन वुई कान्ट काउंट देम," मुलगी म्हणाली. आम्ही एकूण एकशे छत्तीस मोजल्या होत्या. त्यातून चौदा गेल्या.

"एकशे बावीस," मी म्हणालो.

"तीनशे पासष्ट," शेजारी म्हणाले, पण आता आवाजात दम नव्हता. मुलीने त्यांना समोर बसवून मोजून दाखवल्यावर "बरं बाय, तुझं खरं" म्हणत ते चहा पिऊन गेले.

माणसांचा प्रश्न निघाला. किल्ल्यावरची मातीची चित्रं आम्ही दर वर्षी मुंबईहून साड्यांच्या घड्यांत गुंडाळून आणत असू. मी मोजलं: सिंहासनावरचे महाराज बारा सेंटिमीटर. म्हणजे आमच्या प्रमाणाने बारा मीटर. मावळे चार मीटर. त्यातला एकही दारातून आत जाऊ शकत नव्हता.

"मग महाराज नकोत," मी म्हणालो.

"महाराजांशिवाय दिवाळीचा किल्ला?" बायकोने हातातला झारा खाली ठेवला. "तुमचं प्रमाण गुंडाळून ठेवा."

यावर तोडगा शेजाऱ्यांनी काढला. माथ्यावरच्या पुतळ्यांच्या रांगेवर त्यांनी बोट ठेवलं. "हे पुतळे माणसाच्या दुप्पट असतात, मास्तर. तिथे सगळे जुने देव आहेत. नागडे."

"त्यापेक्षा आमचे मावळे बरे," बायको म्हणाली. "अंगभर कपडे तरी आहेत."

असे बारा मावळे ढाल-तलवारी घेऊन बरोक छताच्या कठड्यावर चढले. महाराजांना बागेच्या दुसऱ्या टोकाच्या टेकाडावर बसवलं, जिथे सगळ्या वाटा येऊन मिळतात. त्या जागी मूळ मालकाने स्वतःचाच पुतळा उभारला होता, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. मुलीने तो बदल कसलीही कुरकुर न करता मान्य केला. बागेत आपण किल्ल्यावर पेरतो तसे अळीव पेरले, पण वेलबुट्टीच्या आकारात. ते उगवले आणि सगळे बाल्कनीच्या उजेडाकडे झुकले. डावीकडे जे तेच उजवीकडे हा कायदा मोडला. मग मुलगी सकाळ-संध्याकाळ फळी फिरवत राहिली.

बांधकाम असं पुढे जात होतं, पण बोलण्याचा पत्ता नव्हता. माहिती तिने लिहून काढली, ती इंग्रजीत. मी मराठीत म्हणून दाखवायला सांगितलं की ती एक वाक्य बोलायची, मी त्यातलं लिंग किंवा विभक्ती सुधारायचो, आणि ती गप्प व्हायची. तिसऱ्या दिवशी बायकोने मला भाजी आणायला पाठवलं. भाजी घरात होती. परत आलो तर दारातूनच आवाज आला, मुलगी बोलत होती आणि तिची आई चुकीला चूक न म्हणता "मग? पुढे?" एवढंच विचारत होती. मी पिशवी घेऊन बाहेरच थांबलो. मला पाहिल्यावर बोलणं थांबलं.

"तुम्ही गच्चीवर अगदी मागे उभे राहा," बायको म्हणाली.

गुरुवारी संध्याकाळी फळी लिफ्टमध्ये बसली, दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटर राखून. गच्चीवर आधीच चार किल्ले होते, दणदणीत, काळ्या मातीचे, बुरुजांवर भगवे झेंडे. आमची पिवळी इमारत त्यांच्या ओळीत एखाद्या सरकारी विश्रामगृहासारखी दिसत होती. तीस-पस्तीस माणसं असतील. गेल्या वर्षी वाक्य पुरं करणारा मुलगा पहिल्याच रांगेत होता.

तिची पाळी शेवटची आली. मी मागे पाण्याच्या टाकीपाशी उभा राहिलो. पहिली दोन वाक्यं ती पाठ केल्यासारखी बोलली. तिसऱ्याला थांबली. नजर खाली गेली. पहिल्या रांगेतल्या त्या मुलाने तोंड उघडलं. पण त्याला सांगायला काही नव्हतं, कारण या किल्ल्यातलं त्याला काहीच माहीत नव्हतं. त्याने तोंड मिटलं. मग ती म्हणाली, "मग तो जळला," आणि पुढे चालू लागली. लिंगं चुकत होती. बुरूज ती झाली, भिंत तो झाला. मी टाकीचा नळ घट्ट धरून ठेवला.

काकांनी चष्मा नाकावर आणला. "सगळं छान. पण तट नाही, खंदक नाही. शत्रू आला तर यांनी काय करायचं?"

हे लिहिलेल्या माहितीत नव्हतं.

"शत्रू येणार नव्हते," ती म्हणाली. "पाहुणे येणार होते. म्हणून दार मोठा केला."

काकांनी मान हलवली, आणि ती आमच्या गच्चीवर सहज हलत नसे. तेवढ्यात शेजारी पुढे झाले. हॉटेलातला पांढरा कोट घालूनच ते आले होते. किल्ल्याकडे हात करून सगळ्यांना म्हणाले, "आणि मंडळी, मुख्य गोष्ट तिने सांगितलीच नाही. या किल्ल्याला खिडक्या आहेत तीनशे पासष्ट! वर्षाच्या दर दिवसाला एक!"

"वा!" कोणीतरी म्हणालं.

"नाही!" मुलगी एकदम म्हणाली. "अंकल, चुकताय तुम्ही. एकशे बावीस आहेत."

"असं कसं बाय? सहा महिने मी पुसल्यात त्या."

"बाकीच्या चौदा तर खोट्या आहेत. रंगवलेल्या. त्या पण पुसल्या तुम्ही?"

गच्ची हसली. गेल्या वर्षीपेक्षा मोठ्याने. मुलगी दचकली; मी तिचे खांदे वर गेलेले पाहिले. मग तिने पाहिलं की सगळे तिच्याकडे नाही, शेजाऱ्यांकडे बघून हसतायत, आणि ते कपाळावर हात मारून उभे आहेत. खांदे खाली आले.

"पाणी लावून पुसल्या असतील," काका म्हणाले, "म्हणून तर रंग टिकला नाही." पुन्हा हशा. त्यात तीही होती.

पहिला नंबर सिंधुदुर्गाला गेला, आणि तो योग्यच होता. त्यांनी खरं पाणी भरलं होतं. आमच्याबद्दल काकांनी निकाल दिला: "किल्ला म्हणून नापास. पुढच्या वर्षी हिने माझ्यासोबत परीक्षक व्हावं." बायकोने डोळे पुसले आणि फराळाच्या ताटांकडे गेली.

मी शेजाऱ्यांना बाजूला घेतलं. "एकशे बावीस तुम्हाला माहीत होत्या. आमच्या घरी बसून मोजल्या होत्यात."

"मेनूकार्डावर तीनशे पासष्टच छापलंय, मास्तर," ते म्हणाले आणि चकली घ्यायला निघून गेले.

मुलीभोवती मुलं जमली होती. त्यांना खोट्या खिडक्या बघायच्या होत्या, आणि आधी खऱ्या मोजल्याशिवाय ती दाखवायला तयार नव्हती. बोट फिरवत ती मराठीत मोजत होती आणि पहिल्या रांगेतला तो मुलगा तिच्यामागून म्हणत होता. सदुसष्ट, अडुसष्ट. मग तिचं बोट खिडकीवर थांबलं. त्यानेही तोंड उघडून तसंच ठेवलं. त्यालाही येत नव्हतं.

"सिक्स्टी-नाइन," ती म्हणाली.

"सिक्स्टी-नाइन," तो म्हणाला.

"सत्तर," ती म्हणाली, आणि बोट पुढच्या खिडकीवर गेलं.